श्वासनलिका-संकोच : शस्त्रक्रियेतील भूल व श्वसन

अरुंद झालेल्या श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांना एकाच मार्गावर काम करावे लागते. प्रौढाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ८ मिमी.पेक्षा कमी झाला की श्रमाने, तर ५ मिमी.च्या आसपास आल्यावर विश्रांतीतही धाप लागते. कृत्रिम श्वसनासाठी दीर्घकाळ ठेवलेली नळी हे प्रमुख कारण. क्षयरोग, इजा व अर्बुद ही इतर कारणे होत.

सीटी स्कॅन व दुर्बीण तपासणीने संकोचाची जागा व लांबी ठरवतात. तीव्र संकोचात सेव्होफ्ल्युरेन या हुंगवायच्या औषधाने सावकाश भूल देऊन रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवतात. मार्ग सुरक्षित होईपर्यंत स्नायुशिथिलके सहसा टाळतात. अरुंद भाग काढण्यासाठी नलिका छेदल्यावर तिच्या खालच्या टोकात निर्जंतुक नळी बसवून फुप्फुसांना प्राणवायू पुरवतात. भूल शिरेतून प्रोपोफॉलने चालू राहते. नलिकेच्या दोन टोकांची जोडणी पुरी होण्यापूर्वी तोंडातील नळी पुढे सरकवतात. दाबाखाली प्राणवायूचे झोत सोडण्याच्या जेट पद्धतीत उच्छ्वासाला वाट मोकळी असावी लागते. लेसर वापरताना आग टाळण्यासाठी प्राणवायूचे प्रमाण कमी ठेवतात.

पुणे जिल्ह्यातील राजगड (पूर्वीचे वेल्हे), भोर यांसारख्या डोंगराळ, शेतीप्रधान तालुक्यांत सर्पदंश वा कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर कृत्रिम श्वसनासाठी व्हेंटिलेटर लागू शकतो. त्यातून बरे झालेल्यास पुढे धाप लागून श्वासाचा घरघराट सुरू झाल्यास, दमा समजून वेळ न दवडता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.