हकीमसाहेबांचं परहेज

आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मी लहानपणी आजारी पडलो की दादी हकिमांकडे नेई. नाडी धरून ते विचारत, ‘काल काय खाल्लं?’ चिठ्ठीत औषधाआधी परहेज असे : मुगाची खिचडी, दुधी, जवाचं पाणी. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी उपचाराचे तीन मार्ग सांगितले. त्यांत आहारविहार पहिला, औषध नंतर, शस्त्रक्रिया शेवटी. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथं या युनानी विद्येला राजाश्रय होता.

परहेज म्हणजे पथ्यच की! वैद्यांचं पथ्य आणि हकिमांचं परहेज, दोन्हींची भाजी शहागंजच्या मंडईतूनच यायची. अन्नानं सगळं बरं होतं, असं मात्र हकीमसाहेब कधी म्हणाले नाहीत. क्षयाचा रोगी आला की ते त्याला सरळ घाटीत पाठवत.

पुढं अब्बांना मधुमेह झाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, खाणं सांभाळा. गोळ्या त्यांनी नेमानं घेतल्या. नान-खलिया काही सुटला नाही. भाकरी पुढं केली की म्हणत, ‘मी काय दुष्काळातला आहे?’ शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी अम्मीनं भाकरी थापली. अब्बांनी मुकाट्यानं खाल्ली, वर कांदा मागितला.