सल्ला मोफत, पण पगार कोणी द्यायचा?

विद्यापीठातल्या मुलामुलींना नोकरीविषयी नीट मार्गदर्शन मिळावं, हे कोणालाही पटतं. अडतं ते पुढे: त्याचे पैसे कोणी द्यायचे? आज आपण तेवढाच धागा धरून मागे जाऊ.

या सेवेची सुरुवात विद्यार्थ्यांसाठी झालेलीच नाही. जुलै १९४५ मध्ये सरकारने रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी केली, ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर तिथेच निर्वासितांची सोय पाहिली गेली. १९४८ च्या सुरुवातीला ही दारं सगळ्यांना उघडली.

मग शिवा राव समिती आली. तिच्या शिफारशीनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून रोजचा कारभार राज्यांकडे गेला. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्यांचा ४०. याच यंत्रणेची शाखा म्हणून पुढे विद्यापीठांच्या आवारात रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रं निघाली. म्हणजे बघा, विद्यार्थी विद्यापीठाचे, पण त्यांना सल्ला देणारी यंत्रणा रोजगार खात्याची!

१९५९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८८ क्रमांकाचा करार मान्य केला. सार्वजनिक रोजगार सेवा मोफत असावी, हे त्याचं मूळ सूत्र. पण 'मोफत' म्हणजे बिनखर्चाची नव्हे. १ एप्रिल १९६९ पासून पैशाची सगळी जबाबदारी राज्यांवर आली. तेव्हापासून हे मार्गदर्शन राज्याच्या तिजोरीतल्या शंभर गरजांपैकी एक होऊन बसलं.

पुढे अकराव्या योजनेत (२००७–१२) विद्यापीठ अनुदान आयोगाने करिअर व समुपदेशन कक्षांसाठी अनुदान ठेवलं. चांगलंच होतं ते. पण योजनेच्या पैशाला मुदत असते. त्या पैशातून संगणक घेता येतो, पुस्तकं घेता येतात. वीस वर्षं टिकणारा अनुभवी सल्लागार ठेवायचा, तर दरवर्षीची हक्काची तरतूद लागते.

आणि ती नसेल तर? ज्या महाविद्यालयाची फी मोठी, त्याचा प्लेसमेंट विभाग मोठा. तालुक्याच्या कॉलेजात हेच काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं, तेही तास सांभाळून. ज्या मुलीच्या घरात आजवर कोणी पदवीधर नाही, तिला खरं तर सल्ल्याची गरज सगळ्यात जास्त. आणि नेमका तिच्याच वाट्याला नोटीस बोर्ड येतो.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच: सेवा मोफत ठेवण्याचा शब्द आपण १९५९ मध्येच दिला. आता अर्थसंकल्प हाती आला की त्यात हा पगार कुठे लिहिलाय, तेही शोधायला शिकू या.