वेठबिगार प्रतिबंध, खारबाव–भिवंडी परिसर

खारबाव हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील, वसई–दिवा लोहमार्गावरील गाव. तालुक्यातील गोदामांतून देशभर माल जातो आणि याच तालुक्यात वीटभट्ट्याही आहेत. भट्टीसाठी कातकरी कुटुंब पावसाळ्यात अडीनडीला बयाणा घेते आणि हंगामभर लेकराबाळांसह राबून तो फेडते. हिशेबाची वही मालकाकडे राहिली, की फेड लांबत जाते. गुलामगिरी इथे साखळदंडाने नव्हे, उचलीने येते.

१९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्द केली. दोषीस ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातील सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे, कर्ज वेठबिगारीचे नाही हे सावकारानेच सिद्ध करायचे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीही सक्तीचे श्रम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले.

कायदा कागदावरून पाड्यावर आणला तो विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने.

गोदामांच्या मालवाहतुकीत हमालांना १९६९चा माथाडी कायदा मोठा आधार आहे. नोंदणीकृत हमालाला मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळते, मुकादमाच्या हातून नव्हे. मात्र कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराकडील मजूर नोंदीबाहेर राहू शकतो. म्हणून माल पाठवणाऱ्या कंपन्यांनी अशा मजुराच्या बयाण्याची आणि हजेरीची चौकशी स्वतः करावी.