पक्षाघाताची लक्षणे ओळखा, वेळ गमावू नका

एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला की ‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हटले जाते. जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर अशा रुग्णाला अनेकदा प्रथम भगताकडे नेले जाते, अथवा तेल चोळून सकाळची वाट पाहिली जाते. परंतु पक्षाघात हा वाऱ्याचा वा बाहेरच्या बाधेचा नव्हे, तर मेंदूचा आजार आहे. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तेथील पेशी मिनिटागणिक मरू लागतात.

लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण अचानक दिसल्यास ते पक्षाघाताचे समजावे :

१. चेहरा : हसावयास सांगितले असता तोंड एका बाजूस वाकडे होते.
२. हात : दोन्ही हात वर धरावयास सांगितले असता एक हात खाली येतो. एका बाजूचा पायही कमजोर वा बधिर होतो.
३. वाचा : बोलणे अडखळते, अथवा साधे वाक्यही उमगत नाही.
४. दृष्टी व तोल : अंधारी येते, एकाचे दोन दिसते, झोक जातो.
५. पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी होते.

ही लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली तरी निश्चिंत राहू नये. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वेळेचे महत्त्व

गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच. पाड्यावरून डोलीने रस्त्यापर्यंत, तेथून जव्हारला, अथवा मोखाड्याहून घाट ओलांडून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला, या प्रवासातच त्यातील बराच वेळ सरतो. म्हणून लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि सीटी स्कॅनची सोय कोठे आहे हे निघण्यापूर्वीच विचारावे. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवावी; डॉक्टर प्रथम तेच विचारतात. उशीर झाला तरी रुग्णास घरी ठेवू नये. मोठ्या रुग्णालयात काही निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत नळीद्वारे काढता येते.

हे करू नये

रुग्णाच्या तोंडात पाणी, अन्न वा औषध घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नये. वाहिनी फुटली असल्यास रक्तस्राव वाढेल. रुग्ण बेशुद्ध असल्यास त्यास कुशीवर वळवावे.

प्रतिबंध

उच्च रक्तदाब हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण होय आणि बहुधा तो जाणवतही नाही. तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. चालू असलेली गोळी ‘बरे वाटते’ म्हणून बंद करू नये. तंबाखू, मशेरी, विडी व दारू वर्ज्य करावी.

भगताविषयी आदिवासी बांधवांच्या मनात असलेला आदर आम्ही जाणतो. म्हणूनच आमची विनंती आहे की, ही लक्षणे भगतांनाही समजावून सांगावीत. ‘आधी दवाखाना’ हा त्यांचा शब्द पाड्यावर निश्चित मानला जाईल.

संत मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती मनुष्याला उचलून आणतात आणि वाट अडली तेव्हा छप्पर उघडून त्याला प्रभू येशूपुढे सोडतात. असे चौघे प्रत्येक पाड्यावर तयार असावेत, हीच आमची प्रार्थना.