आधी गाडी धरा, मग माणूस काढा

कोकणात अपघात झाला की सगळ्यात आधी पोचतात ती जवळच्या वाडीतली माणसं. हे काही आजचं नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर कारवार-मुंबई हॉलिडे स्पेशल आदळली. पन्नासहून अधिक जीव गेले. १५ एप्रिल २०२३ ला पहाटे बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ खाजगी बस दरीत कोसळली, १३ जण गेले. तिथेही खोपोलीचे स्वयंसेवक आणि ट्रेकर दोर लावून खाली उतरले.

पूर्वी लोक पोलिसांच्या भानगडीला घाबरायचे. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. म्हणजे भीती गेली. पण पद्धत आली का?

बातमीसाठी गेलो असताना एकदा हायवेच्या कडेला कुशीवर पडलेली कार बघितली. आत माणूस अडकलेला, आणि वीसेक जण 'हैय्या' करून ती सरळ करायला लागलेले. एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर ओरडले, "थांबा रे! आदी दगड लावा, मगे हात लावा!"

त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. घाटात गाडी थांबली की क्लीनर दगड घेऊन उडी मारायचा, तीच ही विद्या. अमेरिकेत १९६० च्या दशकात जॉर्ज हर्स्टने दार फाकवणारं हायड्रॉलिक यंत्र आणलं, पण तेही गाडी स्थिर केल्यावरच चालवायचं. कारण गाडी स्प्रिंगवर असते. वर कोणी चढलं, दार ओढलं की ती हलते, आणि आतल्या माणसाची दुखावलेली मान, पाठीचा कणाही हलतो.

म्हणून चावी बंद करा, हॅण्डब्रेक ओढा. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा. कुशीवरची गाडी सरळ करू नका. दोन्हीकडून टेकू द्या, पाचर मारा, दोर झाडाला बांधा. उचलावीच लागली तर इंचभर उचला, इंचभर ठोकळा सरकवा. गाडीखाली हात घालू नका.

चौपदरीकरणानंतर आपल्याकडे गाड्यांचा वेग वाढलाय. कुडाळ ते झाराप, प्रत्येक नाक्यावरच्या गॅरेजमध्ये दहा लाकडी ठोकळे, चार पाचरी आणि एक जाड दोर ठेवायला कितीसा खर्च येतो? ग्रामपंचायतींनी आणि रिक्षा संघटनांनी मनावर घ्यावं. धावून जाणारी माणसं आपल्याकडे आहेतच. त्यांच्या हातात ठोकळा द्यायचा राहिलाय.