पुष्पक विमानाचा आराखडा : स्वदेशीपणाचा प्रश्न

बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात सिद्ध झालेल्या 'पुष्पक' या दोन आसनी, बंदिस्त केबिनीच्या एकपंखी विमानाने २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उड्डाण केले. तेथील आराखड्यांची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे या कोल्हापूरकडील, गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या शास्त्रज्ञाकडे होती. पुष्पकाची मांडणी अमेरिकन 'एरोन्का चीफ'वर बेतलेली. ९० अश्वशक्तीचे इंजिनही कॉन्टिनेन्टलचे. मग यास स्वदेशी म्हणावे काय? घाटगे यांच्याच 'एचटी-२'ने १९५१ साली स्वतंत्र आराखड्याचे सामर्थ्य सिद्ध केले होते. पुष्पकाची कसोटी निराळी होती : पोलादी नळ्यांचा सांगाडा, कापडी आच्छादन, शेजारी-शेजारी आसने, फ्लाइंग क्लबांस सहज सांभाळता येईल अशी साधी रचना. म्हणून त्याचे मोल कल्पनेच्या मौलिकतेत नव्हे, तर देशात घडलेल्या वैमानिकांत शोधले पाहिजे.