गावभर पसरलेला कारखाना

सातवीच्या वर्गात महाराष्ट्राचा भूगोल चालला होता. ‘इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचे मँचेस्टर’ हे वाक्य मी वर्षानुवर्षांच्या सवयीने उच्चारले आणि पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरचे एक पोर उठून म्हणाले, “गुरुजी, तिथला कारखाना केवढा आहे?” वर्ग हसला, मीही हसलो, पण उत्तर काही मला देता आले नाही. ते शोधायला पुढे दिवाळीच्या सुटीत मावशीच्या गावी जावे लागले.

पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो तर गाव सारे निःशब्द. आदल्या दिवशी मात्र बोळाबोळांतून अशी खडखड चालली होती, की मावशी माझ्याशी बोलत होती ती हातवारे करूनच! कुणाच्या माजघरापलीकडे चार माग, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ, कुठे चोवीस. कारखाना कुठे आहे असे विचारणाऱ्याला सांगायचे तरी काय? तो शंभर जागी आहे आणि एका जागी नाही.

वास्तविक हे गाव कापडाचे व्हावे असे त्याच्या कुंडलीत काही दिसत नाही. पंचगंगेच्या काठचा हा मुलूख उसागुळाचा. आगगाडी गावात येत नाही. उतरायचे ते हातकणंगल्यास. हातमाग होते, पण ते कुठे नव्हते? फरक पडला तो १९०४ साली. विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे उद्योगाची आवड असलेले गृहस्थ. त्यांनी अशा धडपडीला आश्रय दिला. राजाश्रय गवयाला मिळावा, मल्लाला मिळावा, ही आपली रीत. तो मागाला मिळाला, हे या गावाचे भाग्य म्हणायचे.

एकाचे पाहून दुसऱ्याने माग घातला, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. मोठ्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही अशा गावांतून पुन्हा उभे राहिले. कायद्यानेही नकळत हातभार लावला. १९४८च्या कारखाने कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची रेघ ओढली. थोडे माग असणाऱ्यांना अबकारी करात सूट मिळू लागली. मग मोठा कारखाना काढण्यापेक्षा चार भावांचे चार छोटे कारखाने काढलेले बरे, हा हिशेब कुणाही शहाण्याला सुचावा असाच होता.

आता या विखुरलेपणातली गंमत पाहा. मुंबईच्या गिरणीत कापूस एका दाराने आत जाई आणि कापड दुसऱ्या दाराने बाहेर येई. मधले सारे एकाच मालकाचे. इथे सूत विकणारा वेगळा. त्या सुताला खळ देऊन, ताणा बीमावर गुंडाळणारा सायझिंगवाला वेगळा. ताण्याचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवणारे वहिफणी कामगार वेगळे. त्यांची बोटे पाहिली की पेटीवाल्या बुवांची आठवण होते. बाण्याच्या कांड्या भरणाऱ्या बहुधा बायका. माग बिघडला तर जॉबर, कापड उतरले की घडीवाला, आणि शेवटी पेठेतला व्यापारी. हे सगळे सायकलीच्या टप्प्यात!

म्हणून बाजाराने कूस बदलली की गावही बदलते. धोतराची मागणी ओसरली, पॉपलीन हवे झाले, तर एका मोठ्या गिरणीला सारे खाते हलवावे लागते. इथे ज्याचे बीम संपले तो नवे बीम नव्या सुताचे चढवतो. शेजाऱ्याचे जुनेच चालू राहते. धोटा फुटला, पिकर झिजला, तर सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. सूत उधार मिळते, कारण देणाऱ्याला घेणाऱ्याचा आजा ठाऊक असतो. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, अशा गावी धंद्याची गुपिते गुपिते राहतच नाहीत. ती हवेत असतात आणि पोरे ती न शिकवता शिकतात. माझ्या मावशीचा नऊ वर्षांचा नातू मागाच्या आवाजावरून “ताणा तुटला” असे सांगतो. पाढे मात्र त्याला बाराच्या पुढे येत नाहीत.

अशा गावांचे बळ किती, ते १९८२ साली साऱ्या महाराष्ट्राला दिसले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण बाजारातले कापड काही संपले नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांनी ते विणले. गिरण्यांच्या मालकांनीही आपला माल तिथून विणून घेतला. गिरणगाव उपाशी होते तेव्हा ही गावे रात्रपाळी करीत होती. यांत विणकराचा दोष नाही, पुढे आलेले काम तो करणारच. तरी ही गोष्ट मला घशाखाली उतरवणे जड जाते.

आणि या लवचीकपणाचे ओझे कोण वाहतो? मावशीच्या शेजारी एक खर्चीवाले गृहस्थ आहेत. खर्चीवाला म्हणजे ज्याचे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचे. विणण्याची मजुरी तेवढी याची, आणि तीही पिकावर मोजलेली. दिवाळीचा फराळ पुढे ठेवून ते म्हणाले, “मास्तर, व्यापाऱ्याला भाव पडल्याचं कळलं की त्यो सूत द्यायचं थांबवतोय. त्याचं नुकसान झालं न्हाई. मागाचा हप्ता माझा, विजेचं बिल माझं. बीम आलं तर दिवाळी, न्हाईतर शिमगा!” व्यापारी चपळ राहतो तो यांच्या स्वस्थ बसण्यावर. आणि त्यांच्याहीखाली कांडीवाली. माग थांबला की तिला कुणी ‘उद्या येऊ नको’ असेही सांगत नाही. ती येऊन, बंद दार पाहून परत जाते.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही खडखड एका रात्रीत थांबली. “कान दुखायला लागले शांततेनं,” मावशी म्हणाली. परप्रांतातून आलेले कामगार मिळेल त्या वाटेने गावी निघाले. माग होते, बीमे चढलेली होती. पण साखळीतली माणसे गेली, तसे हाकेच्या अंतरावरचे सारे दूर झाले. आता गावात बिनधोट्याचे, रेपियर आणि एअरजेट माग आले आहेत. ते वेगाने विणतात, पण त्यांचे भांडवल चार मागवाल्याच्या आवाक्यातले नाही. शेजारच्या गृहस्थांनी चारांपैकी दोन माग भंगारात घातले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. गल्लीत अजून शांतता होती. शेजारी ओट्यावर हात जोडून नव्हे, तर हातात मोबाईल धरून बसले होते. सायझिंगवाल्याचा निरोप यायचा होता. आत त्यांची बायको रिकाम्या कांड्या टोपलीत रचून ठेवीत होती.